खिरोद्याचे धनाजी नाना

सरकारी नोकरी म्हणजे घराण्याचे भाग्य, असे आपल्या समाजात ज्या काळी मानले जाई, त्या काळी खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरी यांनी पोलीस खात्यातील नोकरीवर पाणी सोडले आणि १९३० च्या कायदेभंगात उडी घेतली. पगार गेला, संसार राहिला. कास्तकाराच्या घरात महिन्याच्या पगाराचे मोल काय, हे आम्ही खानदेशकरांस सांगावयास नको. अशी ओढाताण ज्या घरच्या स्त्रियांनी सोसली, त्यांची नावे इतिहासात क्वचितच येतात!

राष्ट्रसभेचे अधिवेशन खेड्यात भरावे, ही गांधीजींची इच्छा डिसेंबर १९३६ मध्ये फैजपुरास फळली. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावठी साहित्याने नगर सजविले. शेतसारा व कर्ज यांखाली दबलेल्या शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम मंजूर झाला. या साऱ्याच्या उभारणीत नाना अग्रभागी राबले.

तरीही आमच्या मते नानांचे मोठे काम शिक्षणाचे. खिरोद्याचे जनता शिक्षण मंडळ त्यांनी उभारले. चिरंजीव मधुकरराव राज्याचे शिक्षणमंत्री व पुढे विधानसभेचे अध्यक्ष झाले. १९६१ साली निघालेले फैजपूरचे महाविद्यालय नानांच्याच नावाचे आहे.