तंत्रज्ञान समभाग : पुरवठ्यातील अडथळे व परदेशी आर्थिक उलथापालथ

तंत्रज्ञान कंपनीचे सुटे भाग एका देशात बनतात, जुळणी दुसऱ्या देशात होते आणि माल जगभर खपतो. त्यामुळे दूरच्या पुरवठादाराची अडचण किंवा परक्या बाजारातील मंदी तिच्या समभागाच्या भावात लगेच उतरते. दोन्ही कारणांनी भाव पडतो. पण पुरवठा अडला तर विक्री बहुधा लांबणीवर पडते, ग्राहकाची ऐपतच घटली तर ती कायमची हातून जाऊ शकते.

पुरवठा अडल्याचे ठळक उदाहरण म्हणजे थायलंडमधील २०११ चा महापूर. हार्ड डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटलचा बांग पा-इन येथील कारखाना पाण्याखाली गेला आणि जगभर हार्ड डिस्कची टंचाई झाली. डिस्कच नाही म्हटल्यावर संगणक उत्पादकांनी प्रोसेसरची खरेदीही आवरती घेतली. १२ डिसेंबरला प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलने तिमाही उत्पन्नाचा अंदाज १४.७ अब्ज डॉलरवरून १३.७ अब्जांवर आणला आणि समभाग सुमारे चार टक्के घसरला. इंटेल स्वतः हार्ड डिस्क बनवत नव्हती, तरीही तिला हा फटका बसला. उलट हार्ड डिस्क बनवणाऱ्याच सीगेटचे कारखाने पुरातून वाचले. वाढलेल्या किमतींचा तिला फायदाच झाला.

पुरवठादाराची घसरण अनेकदा मूळ दुखणे नसते, मागणी आटल्याची ती पहिली खूण असते, आणि गुंतवणूकदाराने सर्वांत जास्त जपायचे ते इथेच. १२ नोव्हेंबर २०१८ रोजी चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेसाठी लेसर बनवणाऱ्या लुमेंटमने एका मोठ्या ग्राहकाने मागणी कमी केल्याचे जाहीर केले. नाव सांगितले नव्हते, पण बाजाराने ॲपल ओळखले. लुमेंटमचा भाव एका दिवसात जवळपास एक तृतीयांशाने कोसळला, ॲपलचा पाच टक्क्यांनी. पुढे २ जानेवारी २०१९ ला ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी तिमाही उत्पन्नाचा ८९ ते ९३ अब्ज डॉलरचा अंदाज ८४ अब्जांवर आणला आणि मुख्य कारण चीनमधील मंदावलेली अर्थव्यवस्था असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी समभाग सुमारे दहा टक्के घसरला. मात्र वर्षअखेरीपर्यंत त्याने ही घसरण भरून काढून मोठी वाढ नोंदवली.

परदेशी उलथापालथीचा फटका चलनातूनही बसतो. डॉलर वधारला की अमेरिकी कंपन्यांची परदेशी कमाई हिशेबात आक्रसते. टीसीएस, इन्फोसिस यांसारख्या भारतीय सेवा कंपन्यांचे गणित निराळे आहे. त्यांना सुट्या भागांची चिंता नाही, पण अमेरिका-युरोपातील मंदीने कंत्राटे रोडावतात. त्याच वेळी रुपया घसरला, तर रुपयांतील उत्पन्नाला थोडा आधार मिळतो.