काचेतलं पाणी

कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा नानासाहेब पेशव्यांचा नळ आपण पुणेकर जाणतोच. 18व्या शतकाच्या मध्यावरचं हे काम. वाटेत जागोजाग उच्छ्वास बांधलेले; तिथे गाळ बसे, पाणी पुढे जाई. वाहत्या पाण्याला एवढी व्यवस्था लागते, मग घरातल्या काचपेटीत कोंडलेल्या पाण्याचं काय?

1850च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं हा प्रश्न हाताळला. गोल्डफिशसोबत त्यानं पाणवनस्पती लावली, पण पानं कुजून पाणी बिघडू लागलं. मग गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, पाणी निवळलं. पण निवळशंख पाण्यातही विष असू शकतं. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया साठतो. त्याचं नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू 1890च्या सुमारास विनोग्राडस्कीनं वेगळे करून दाखवले.

आता दुकानात जाऊ. फिल्टर ही नुसती गाळणी नव्हे, ते या जिवाणूंचं घर आहे. म्हणून त्याचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरिननं जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. गोल भांड्याऐवजी लांबट, मोठी टाकी घ्या. हवेशी संपर्क वाढतो, विष विरळ राहतं. एअर पंप पाणी हलतं ठेवतो. हीटर गोल्डफिशला लागत नाही. उष्ण प्रदेशातल्या माशांना पुण्याच्या थंडीत लागतो.

नदीत हे सगळं आपोआप होतं. इथे पाणी कोंडलंय आपण, तेव्हा जबाबदारीही आपलीच. जिवाणू वसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले, तर ते मरतात आणि बोल मात्र दुकानदाराला लागतो.