हंटर, सर विल्यम विल्सन

(१५ जुलै १८४०–६ फेब्रुवारी १९००). ब्रिटिश अमदानीतील सनदी अधिकारी, सांख्यिकीतज्ञ व इतिहासकार. बंगालमधील मुसलमानांच्या शैक्षणिक व आर्थिक अवनतीची आकडेवारीनिशी मांडणी करून तिची जबाबदारी शासनाच्या पदरी घालणारा अधिकारी म्हणून तो विशेष प्रसिद्ध आहे. त्याचा जन्म ग्लासगो (स्कॉटलंड) येथे एका कारखानदाराच्या कुटुंबात झाला. ग्लासगो विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर (१८६०) त्याने पॅरिस व बॉन येथे अध्ययन केले व संस्कृतचे ज्ञान संपादन केले. सनदी सेवेच्या अंतिम परीक्षेत पहिला येऊन १८६२ मध्ये तो बंगालमध्ये रुजू झाला. बीरभूम जिल्ह्यातील जुन्या दप्तरांच्या आधारे लिहिलेल्या द ॲनल्स ऑफ रूरल बेंगॉल (१८६८) या ग्रंथामुळे त्याला लौकिक मिळाला. पुढे लॉर्ड मेयोने त्याच्याकडे सबंध देशाच्या सांख्यिकीय पाहणीची योजना सोपविली (१८६९) आणि १८७१ मध्ये तो सांख्यिकी खात्याचा महासंचालक झाला.

याच सुमारास मुसलमानांविषयी सरकारचे धोरण संशयाचे होते. रायबरेलीच्या सय्यद अहमद यांनी उभारलेली व इंग्रजांनी ‘वहाबी’ म्हणून ओळखलेली चळवळ ते बालाकोट येथे मारले गेल्यावरही (१८३१) संपली नव्हती. वायव्य सरहद्दीवरील तळास बंगाल-बिहारमधून माणसे व पैसा पुरविला जाई. अंबेलाच्या मोहिमेनंतर (१८६३) अंबाला, पाटणा इ. ठिकाणी खटले भरण्यात आले. राणीविरुद्ध बंड करणे हे मुसलमानांचे धर्मकर्तव्य ठरते काय, हा मेयोपुढील प्रश्न होता. त्याचा परामर्श घेण्यासाठी हंटरने द इंडियन मुसलमान्स हा ग्रंथ लिहिला (१८७१). त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कलकत्त्यात न्यायमूर्ती नॉर्मन यांची आणि फेब्रुवारी १८७२ मध्ये अंदमानात खुद्द मेयोची हत्या झाल्याने या प्रश्नाला अधिकच गांभीर्य प्राप्त झाले.

ग्रंथाच्या पहिल्या दोन प्रकरणांत सरहद्दीवरील तळ व अंतर्गत कट यांचे वर्णन असून तिसऱ्यात धर्मशास्त्रज्ञांच्या निर्णयांची चर्चा आहे. चौथे प्रकरण मात्र मुसलमानांवर ब्रिटिश राजवटीत झालेल्या अन्यायांचे आहे. केवळ फौजफाटा व न्यायालये यांच्या बळावर असंतोष शमणार नाही, त्याची कारणे शासनाच्या कारभारातच शोधली पाहिजेत, असे त्याचे प्रतिपादन होते. सैन्य, महसूल व न्यायदान ही मुसलमान उमराव वर्गाच्या उपजीविकेची तीन साधने होती. सैन्यातील वरची पदे त्यांना बंद झाली. कायमधारा पद्धतीने (१७९३) वसुली करणाऱ्या दुय्यम हिंदू अधिकाऱ्यांना जमीनमालक बनविले. १८२८ पासून सु. अठरा वर्षे करमुक्त जमिनींच्या सनदा तपासून अनेक जमिनी खालसा करण्यात आल्या, त्यामुळे जुनी घराणी व त्यांवर पोसलेल्या शिक्षणसंस्था मोडकळीस आल्या. फार्सीचे राजभाषा म्हणून असलेले स्थान १८३७ मध्ये गेले आणि १८६४ च्या कायद्याने काझींच्या सरकारी नेमणुकाही बंद झाल्या.

या विवेचनाला हंटरने आकड्यांचा आधार दिला. एप्रिल १८७१ मध्ये बंगालमधील २,१११ राजपत्रित पदांपैकी १,३३८ यूरोपीयांकडे, ६८१ हिंदूंकडे व केवळ ९२ मुसलमानांकडे होती. १८५२ ते १८६८ या काळात कलकत्त्याच्या वरिष्ठ न्यायालयात सनद मिळालेल्या २४० एतद्देशीय वकिलांत मुसलमान एकच होता. शाळांकडे मुसलमानांनी पाठ फिरविली याचा दोषही त्याने केवळ त्यांच्या माथी मारला नाही. शिक्षण बंगालीतून, बहुधा हिंदू शिक्षकांकडून दिले जाई. फार्सी व अरबी यांना त्यात फारसे स्थान नव्हते आणि धर्मशिक्षणाची सोय नव्हती. हाजी मुहम्मद मोहसीन यांनी १८०६ मध्ये धर्मादाय ठेवलेल्या संपत्तीतून हुगळी येथे महाविद्यालय निघाले (१८३६), परंतु त्याचा लाभ मुख्यतः हिंदू विद्यार्थ्यांना होत असे. हे विश्वस्तनिधीचे गैरवापर होय, असे त्याने सरकारला स्पष्टपणे सुनावले. पूर्व बंगालमध्ये मुसलमान शिक्षक नेमावेत व कलकत्ता मदरसा सुधारावा, अशा सूचना त्याने केल्या.

या विषयाला चालना देणारा हंटर एकटाच नव्हता. नवाब अब्दुल लतीफ यांच्या मोहमेडन लिटररी सोसायटीने १८६३ पासून हेच कार्य चालविले होते, तर मेयोच्या सरकारने ७ ऑगस्ट १८७१ रोजी मुसलमानांच्या शिक्षणाविषयी ठराव केला होता. तथापि हंटरच्या ग्रंथाने प्रश्न सर्वतोमुखी केला. १८७३ मध्ये मोहसीन निधी हुगळी महाविद्यालयाकडून काढून मुसलमानांच्या शिष्यवृत्त्या व डाक्का, चितगाँग, राजशाही येथील मदरसे यांकडे वळविण्यात आला. काझींच्या नेमणुकीची तरतूद १८८० च्या कायद्याने पुन्हा झाली.

हंटरच्या मांडणीवर टीकाही झाली. सर सय्यद अहमदखान यांनी १८७२ मध्ये तिचा सविस्तर प्रतिवाद केला. बंगालमधील काही वस्तुस्थिती साऱ्या हिंदुस्थानातील मुसलमानांना लागू करणे आणि कटवाल्यांवरून सबंध समाजाच्या निष्ठेविषयी संशय घेणे त्यांना अमान्य होते. वायव्य प्रांतांत शासकीय नोकऱ्यांतील मुसलमानांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने अधिकच होते. शिवाय १८७२ च्या जनगणनेत पूर्व बंगालमधील बहुसंख्य मुसलमान शेतकरी असल्याचे दिसून आले. गेलेली पदे व सनदा या मूठभर उमराव घराण्यांच्या होत्या. कुळांना त्या कधीच लाभल्या नव्हत्या. हंटरने उमरावांची व्यथा हीच समाजाची व्यथा मानली. त्याच्या सहानुभूतीमागे साम्राज्याच्या सुरक्षिततेची चिंता होती, हेही उघड आहे.

लॉर्ड रिपनने नेमलेल्या शिक्षण आयोगाचा (१८८२) तो अध्यक्ष होता. मुसलमानांच्या शिक्षणासाठी आयोगाने सतरा शिफारशी केल्या. खास शिष्यवृत्त्या, मुसलमान शिक्षकांचे प्रशिक्षण, वार्षिक अहवालात स्वतंत्र प्रकरण व नोकऱ्यांतील प्रमाणाकडे लक्ष या त्यांपैकी प्रमुख होत. याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी निवेदन सादर केले. शेतकऱ्यांच्या करातून उभा राहिलेला पैसा उच्चवर्णीयांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार होती. सार्वजनिक निधीचा लाभ कोणाला मिळतो, हा प्रश्न दोहोंकडे समान होता. मात्र हंटरने तो वरच्या थरासाठी विचारला होता, फुले यांनी तळच्या थरासाठी.

हंटरच्या इतर कार्यांत स्टॅटिस्टिकल अकाउंट ऑफ बेंगॉल (२० खंड, १८७५–७७) व इंपीरिअल गॅझेटिअर ऑफ इंडिया (९ खंड, १८८१) यांचे संपादन महत्त्वाचे आहे. मुंबई इलाख्याच्या कारभारावरही त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला (१८९२). निवृत्तीनंतर (१८८७) तो ऑक्सफर्डनजीक राहिला व तेथेच निधन पावला. शासकीय पदांची धर्मवार मोजदाद करून एखाद्या समाजाचे मागासलेपण सिद्ध करण्याची त्याने रूढ केलेली पद्धत पुढे दीर्घकाळ टिकली. विसाव्या शतकाच्या आरंभी विभक्त प्रतिनिधित्वाच्या मागणीलाही तिचे पाठबळ मिळाले. स्वतंत्र भारतात सच्चर समितीने (अहवाल २००६) शिक्षण, रोजगार, कर्जपुरवठा इ. क्षेत्रांतील आकडेवारीद्वारे मुसलमानांच्या स्थितीची पाहणी केली, ती मात्र राजनिष्ठेच्या नव्हे, तर नागरिकांच्या समान हक्कांच्या भूमिकेवरून.