सांबऱ्याच्या बांधावरून येलहंक्याच्या गच्चीपर्यंत

या पानावर बेळगावच्या गल्ल्या, शाळा, गणपती, सीमालढा यांवर भरपूर लिहून येतं. मी आज विमानांवर लिहितोय. खरं म्हणजे विमानांवर कमी, आणि ती बघायला जाण्याच्या खर्चावर जास्त.

आमचं मूळ घर सांबऱ्याजवळच्या एका खेड्यात. सांबऱ्याची धावपट्टी ब्रिटिशांच्या हवाई दलाने १९४२ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत बांधली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, पट्टी राहिली. पुढे तिथे आपल्या हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आलं. आज अग्निवीर म्हणून भरती झालेली पोरं तिथेच शिकतात. त्यामुळे आमच्या भागात विमान म्हणजे पेपरातली गोष्ट कधीच नव्हती. शेतात भांगलण करताना डोक्यावरून जायचं. बैल बुजायचे. बायका पदर सावरत वर बघायच्या आणि परत खुरपं चालवायच्या.

आमच्या आप्पांनी मात्र एकदा जे बघितलं, ते जन्मभर सांगितलं. डिसेंबर १९६१. आप्पा तेव्हा सतरा वर्षांचे. भाताची मळणी चाललेली. आधीचे काही दिवस बेळगावात लष्कराच्या गाड्यांची रांग संपत नव्हती. गोव्यात जाणारी १७वी इन्फंट्री डिव्हिजन बेळगाव भागातच गोळा झाली होती. काहीतरी होणार हे सगळ्यांना कळत होतं, पण मोठ्याने कुणी बोलत नव्हतं. १८ तारखेला, सोमवारी, सांबऱ्याहून हंटर विमानं उडाली. आप्पा बांधावर उभे होते. ते सांगायचे, "आधी जमीन हालली. मग आवाज आला. मग इमान दिसलं. आणि दिसलं म्हणेपर्यंत गेलंपण."

त्या सहा हंटरांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं. पुण्याहून निघालेल्या कॅनबेरांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गोवा मोकळा झाला. आमच्या आत्याचं सासर पेडण्याला, म्हणून घरात पेढे वाटले गेले. आप्पांना हे सगळं नंतर कळलं. त्यांच्या डोक्यात राहिलं ते विमानाचं उठणं. पट्टीवर धावत येणारं ते लोखंड जमीन कधी सोडतं, तो क्षण. त्याला तिकीट नव्हतं. भाताच्या पेंढ्यावर उभं राहिलं की झालं.

आता कुणी म्हणेल, विमानाच्या खेळाला तिकीट ही काय नवी गोष्ट आहे? नाहीच. १९३३-३४ च्या हिवाळ्यात कॅप्टन बर्नार्ड नावाच्या वैमानिकाची उडती सर्कस हिंदुस्थानभर फिरली होती. पैसे देऊन खेळ बघायचा, जास्त पैसे दिले तर विमानातून एक चक्कर. पण ती सर्कस होती, खाजगी धंदा होता. सरकारी विमानांचा, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशाने घेतलेल्या विमानांचा एक मोठा खेळ आपल्याकडे सुरू झाला १९९६ मध्ये. बेंगळुरूच्या येलहंका हवाई तळावरचा एरो इंडिया. योगायोग असा की त्याच वर्षी बिदरला सूर्यकिरण पथक उभं राहिलं. आपल्या भालकी-औरादकडच्या मंडळींनी त्यांचा सराव घराच्या ओट्यावरून फुकट बघितला असेल. भाग्यवान तुम्ही.

आम्ही एरो इंडियाला पहिल्यांदा गेलो २०१३ मध्ये. आप्पा, मी, आमची ही आणि धाकटा भाऊ. प्रदर्शन ६ ते १० फेब्रुवारी, शेवटचा दिवस रविवार. शनिवारी संध्याकाळी राणी चन्नम्मा पकडली, सकाळी यशवंतपूरला उतरलो, स्टेशनावरच तोंड धुतलं, बसने येलहंका. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात आणि वर कुंदा. त्या वर्षी सूर्यकिरण नव्हतं, २०११ पासून ते पथक बंद होतं. पण रशियन नाइट्सची सुखोई होती, झेक लोकांची छोटी लाल-निळी विमानं होती, आपली सारंगची हेलिकॉप्टरं होती. आप्पांनी डबा उघडलाच नाही. दिवसभर कुंपणाला छाती लावून उभे. प्रत्येक विमान सुटलं की आमच्याकडे वळून म्हणायचे, "बघितलासा काय?" रात्रीची गाडी धरली, सोमवारी मी शाळेत, भाऊ उद्यमबागेतल्या फौंड्रीत हजर. कुणाचीही रजा गेली नाही.

मला खर्च वहीत लिहायची सवय आहे. चौघांचा सगळा मिळून खर्च चार हजार आठशे. माणशी बाराशे.

आता २०२५. एरो इंडिया १० ते १४ फेब्रुवारी. पुतण्या हवाई दलाच्या परीक्षेची तयारी करतोय, लेक कॉलेजात आहे. दोघंही मागे लागली. आप्पा एक्क्याऐंशी वर्षांचे, पण विमान म्हटलं की ताठ होऊन बसतात. मी वही काढली. आप्पा, मी, भाऊ आणि दोन मुलं, म्हणजे पाच माणसं.

फक्त उड्डाणं बघण्याच्या जागेचं तिकीट माणशी हजार रुपये. म्हणजे पाच हजार. आत जाऊन प्रदर्शनही बघायचं तर माणशी अडीच हजार, तो विचार तिथेच सोडला. रेल्वे स्लीपरने जाऊन-येऊन तीन हजार सहाशे. आप्पांना आता स्टेशनावर तोंड धुवायला सांगता येत नाही, म्हणून अर्ध्या दिवसापुरती लॉजची खोली दीड हजार. रिक्षा, बस, पाणी, खाणं अडीच हजार. बेरीज बारा हजार सहाशे. माणशी अडीच हजारांच्या वर.

बारा वर्षांत दुप्पट तर सगळंच झालं, तांदूळ झाला, तेल झालं. त्याची तक्रार नाही. पण वही नीट बघितली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या.

पहिली, पूर्वी आमचा मोठा खर्च प्रवासाचा होता. आता सगळ्यात मोठा आकडा प्रवेशाचा आहे.

दुसरी गोष्ट आकड्यात दिसत नाही. २०१३ ला, २०१५ ला, २०१९ ला प्रदर्शन रविवारी संपायचं. २०२३ पासून ते सोमवार ते शुक्रवार झालं. सामान्य लोकांसाठी शेवटचे दोन दिवस, म्हणजे गुरुवार आणि शुक्रवार. मला शाळेतून किरकोळ रजा मिळते. भाऊ फौंड्रीत. बेळगावहून जायचं-यायचं म्हणजे त्याचा एक खाडा ठरलेला, कधी दोनही. खाडा झाला की पगार कापला. तो खर्च कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो. भाऊ म्हणाला, "दादा, तुम्ही जाऊन या. मी मोबाइलवर बघतो की." त्याच्या पोराला वैमानिकांच्या जगाची हौस, आणि बापच येऊ शकत नाही.

तिकीट महाग का, याचाही विचार केला पाहिजे. एरो इंडिया मुळात जत्रा नव्हे, संरक्षण मंत्रालयाचा बाजार आहे. पहिले तीन दिवस खरेदी-विक्रीवाल्यांचे, आपण शेवटी. सुरक्षिततेचा खर्चही खरा आहे. २०१९ मध्ये प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सरावात सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांवर आदळली आणि एक वैमानिक गेला. त्याच प्रदर्शनात शनिवारी वाहनतळाला आग लागून तीनशेच्या आसपास गाड्या जळाल्या. त्याआधी २०१० मध्ये हैदराबादला बेगमपेठच्या प्रदर्शनात नौदलाच्या पथकाचं विमान वस्तीत कोसळून दोन वैमानिक गेले होते. असं काही झालं की नियम वाढतात, माणसं वाढतात, कुंपण मागे सरकतं.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०१५ ला शोरहॅमला विमान रस्त्यावर पडून अकरा माणसं मेली. त्यानंतर तिथे नियम कडक झाले, परवानगीची फी वाढली, आणि आयोजक ओरडू लागले. फार्नबरोच्या प्रसिद्ध प्रदर्शनातला सामान्य लोकांचा शनिवार-रविवार तर २०१८ नंतर बंदच झाला.

बरं, सगळं फुकट केलं की प्रश्न सुटतो का? ऑक्टोबर २०२४ मध्ये हवाई दल दिनानिमित्त चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर मोफत खेळ झाला. रविवार होता. लाखो लोक आले. ऊन, गर्दी, परतीला गाड्या नाहीत. पाच जणांचा जीव गेला. तिकीट नव्हतं, पण किंमत होतीच, आणि ती उन्हात चालणाऱ्यांनी दिली. त्यानंतर दोन महिन्यांनी हैदराबादला हुसेनसागरवर सूर्यकिरणने खेळ केला, तोही मोफत, रविवारीच. म्हणजे मनात आणलं तर रविवार जमतो. सावली, पाणी आणि परतीच्या बसची सोय करायला हवी, एवढंच.

आमच्या घरात शेवटी निर्णय आप्पांनीच घेतला. म्हणाले, "माझं तिकीट काढू नकोसा. आकाश काय तिकिटावर मिळतंय काय? पोरांचं काढा." मग दोनच तिकिटं काढली. भाऊ बेळगावात राहिला. येलहंक्याला माझा मेहुणा राहतो, त्याच्या इमारतीच्या गच्चीवर आप्पा आणि मी बसणार असं ठरलं. लॉजही वाचला.

शुक्रवारी गच्चीवर आम्ही एकटे नव्हतो. शेजारपाजारची पंचवीस-तीस माणसं, पोरंटोरं, छत्र्या, कलिंगडाच्या फोडी. एका कानडी घरातल्या बाईंनी "बन्नी अज्जा" म्हणून आप्पांना सावलीत खुर्ची दिली. आप्पा अस्सल बेळगावी, लगेच कानडीत गप्पा सुरू. १९६१ ची गोष्ट त्यांनी त्या गच्चीवर कानडीत सांगितली. मी ती कानडीत पहिल्यांदाच ऐकली.

विमानं दिसली. तेजस दिसलं, रशियाचं सुखोई-५७ दिसलं. सूर्यकिरणची नऊ हॉक विमानं डोक्यावरून गेली तेव्हा सगळी गच्ची टाळ्या वाजवत होती. पण घरं आणि झाडांच्या आड धावपट्टी अजिबात दिसत नव्हती. आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम विमान वर आलेलं असायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला आप्पा मला हळूच म्हणाले, "उठताना दिसंना रे."

मी काही बोललो नाही. हजार रुपये वाचवले होते आणि नेमकी तीच गोष्ट गेली होती. मला ते तिकीट काढता आलं असतं. ओढाताण झाली असती, पण काढता आलं असतं. हे लिहिताना अजून टोचतं.

रात्री परतीच्या गाडीत पुतण्या आप्पांच्या समोर बसला. बर्थवर तळहात सरकवत दाखवत होता, विमान इथून सुटलं, इथे नाक उचललं, इथे चाकं आत गेली. आप्पा बारीकसारीक विचारत होते. किती लांब धावलं? जमीन हालली काय? आवाज आधी की इमान आधी? पुतण्या म्हणाला, "आज्जा, जमीन खरंच हालली." आप्पा समाधानाने झोपले. पोराने कुंपणाला उभं राहून बघितलं होतं, एवढं त्यांना पुरलं.

मला मात्र आमच्या गल्लीतली बाकीची पोरं आठवत राहिली. आठ-दहा जण भरतीसाठी पहाटे पळायला जातात. कुणाचा बाप मागावर, कुणाचा गवंडीकामावर. सांबऱ्याच्या कुंपणापासून दहा-बारा किलोमीटरवर वाढलेली ही पोरं. त्यांच्यातल्या एकानेही लढाऊ विमान जमीन सोडताना जवळून बघितलेलं नाही. ज्यांनी उद्या ती विमानं सांभाळायची, त्यांनी ती मोबाइलवर बघायची.

माझी मागणी मोठी नाही. बाजाराचे दिवस बाजारवाल्यांना राहू देत, त्यांची तिकिटं हवी तेवढी महाग करा. पण पूर्वीसारखा एक रविवार द्या, आणि त्या दिवशी रोजंदारीवरच्या माणसाला पोराबाळांसकट परवडेल असं तिकीट ठेवा. पुढचं प्रदर्शन २०२७ मध्ये येईल. आप्पा तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे असतील. त्यांचं तिकीट मी आत्ताच वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवलंय, मग ते काही म्हणोत.

ग्वाल्हेरच्या मंडळींनो, महाराजपुऱ्याची विमानं तुम्ही कुठून बघायचा? हैदराबादकरांनो, बेगमपेठच्या भिंतीवर चढून कुणी बघितलंय का? बडोदा, गोवा, बिदर, सगळ्यांनी लिहा. पहिलं विमान जमिनीवरून उठताना कुठे बघितलं, आणि त्याला किती पैसे पडले, हे दोन्ही लिहा. आप्पांना वाचून दाखवणार आहे.