माटे, श्रीपाद महादेव

(२ सप्टेंबर १८८६ – २५ डिसेंबर १९५७). मराठी निबंधकार, कथाकार, विचारवंत आणि अस्पृश्यतानिवारणाचे कार्यकर्ते. जन्म विदर्भातील शिरपूरचा. शालेय शिक्षण साताऱ्यात, पुढचे पुण्यात. एम.ए. झाल्यावर शाळांतून अध्यापन, नंतर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक.

दिवसाची नोकरी संपली की माटे मास्तरांचा दुसरा वर्ग सुरू होई. पुण्यातील अस्पृश्य समाजासाठी त्यांनी रात्रीच्या शाळा चालवल्या, त्याही हौसेपुरत्या नव्हे, सुमारे वीस वर्षे. त्यावरून त्यांना ‘महार माटे’ हे नाव पडले. ठेवणाऱ्यांनी ते हेटाळणीने ठेवले होते. आज ते त्यांच्या थोरवीची खूण म्हणून सांगितले जाते.

‘अस्पृष्टांचा प्रश्न’ (१९३३) या ग्रंथाच्या नावातला ‘ष्ट’ हा छपाईचा दोष नव्हे. अस्पृश्य म्हणजे शिवण्यास अयोग्य. अस्पृष्ट म्हणजे ज्याला कोणी शिवलेले नाही. एवढ्या एका जोडाक्षराने ठपका त्या माणसावरून उठतो आणि न शिवणाऱ्याच्या माथी बसतो. भाषा शिकवणाऱ्यालाच सुचावी अशी ही दुरुस्ती. शब्द मात्र रुळला नाही.

अस्पृश्यतानिवारणाच्या कामाचे वाङ्मयीन फळ म्हणजे ‘उपेक्षितांचे अंतरंग’ (१९४१). ‘तारळखोऱ्यातील पिऱ्या’, ‘सावित्री मुक्यानेच मेली’ यांसारख्या त्यांच्या लेखनाला कथा म्हणावे की व्यक्तिचित्र, हे ठरवणे अवघड जाते. गावकुसाबाहेरची माणसे येथे नावागावानिशी उभी राहतात. कळवळा खरा, तरी नजर बाहेरून आलेल्याची आहे, आणि गोष्ट ऐन रंगात असताना मास्तर मध्येच वर्ग घेऊ लागतात. पण दलित लेखकांचा स्वतःचा आवाज साहित्यात घुमू लागण्याच्या बऱ्याच आधीचे हे पुस्तक आहे, हे त्याचे मोजमाप करताना विसरून चालत नाही.

‘विज्ञानबोध’ या त्यांनी संपादलेल्या ग्रंथाची दीर्घ प्रस्तावना मूळ लेखांपेक्षा अधिक गाजली. भाषेच्या उगमावर ‘रसवंतीची जन्मकथा’ त्यांनी लिहिली. ‘महाराष्ट्र सांवत्सरिक’ हेही संपादन त्यांचेच. सांगलीच्या १९४३ च्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘चित्रपट : मी व मला दिसलेले जग’ हे आत्मचरित्र १९५७ साली, म्हणजे निधनाच्या वर्षीच, प्रसिद्ध झाले.