सर्पगंधा : निद्राकारक मुळाची कुळकथा

सर्पगंधा हे दमट, सावलीच्या रानात हातभर वाढणारे झुडूप असून त्याच्या पेऱ्यापेऱ्यावर बहुधा तीन-तीन पाने येतात आणि तांबड्या देठांवर पांढरी फुले धरतात. औषधाला लागते ते मात्र त्याचे पिवळसर तपकिरी, जहाल कडू मूळ. सर्पदंशावरचा उतारा अशी या मुळाची ख्याती असली, तरी त्याचा खरा गुण झोप आणण्यात आहे, हे लोकव्यवहाराने पूर्वीच ओळखले होते. बिहारमध्ये ते ‘पागल की दवा’ म्हणून प्रसिद्ध होते, आणि उन्मादाच्या रुग्णाप्रमाणे रडणाऱ्या तान्ह्या मुलालाही ते देत. ही दुसरी चाल घातक होती, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाचे 20 ते 30 ग्रेन, म्हणजे सुमारे सव्वा ते दोन ग्रॅम, चूर्ण दिवसातून दोनदा दिल्यास झोप येते आणि रक्तदाबही उतरतो, असे नोंदवले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळातील अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त क्रियाशील द्रव्ये, वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये 50 रुग्णांवरील अनुभव मांडल्यावर पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळाकडे वेधले गेले, आणि 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी त्यातून रेसरपीन हे अल्कलॉइड मिळवले. या शोधाचे श्रेय वाटताना सेन, बोस आणि वकील यांची नावे मागे पडू देणे अन्यायाचे आहे.

रेसरपीन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली नॉरअ‍ॅड्रेनलीन, सेरोटोनिन यांसारखी संदेशवाहक द्रव्ये रिकामी करते. त्यामुळे त्याचा परिणाम सावकाश, कित्येक दिवसांनी पूर्णपणे दिसतो आणि औषध थांबवल्यावरही रेंगाळतो. याच गुणधर्मामुळे मोठ्या मात्रेत काही रुग्णांना तीव्र खिन्नता येत असल्याचे आढळले, म्हणून केवळ निद्रानाशासाठी त्याचा वापर आज वैद्यकाला मान्य नाही. या मुळाची मागणी वाढताच रानातील झुडपांवर मात्र गदा आली, कारण मूळ खणले की झाड मरते आणि नव्या रोपाचे मूळ खणण्याजोगे व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. परिणामी त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार आता वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित आहे.