सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि सोलापूरचे कलावंत
सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ही महाराष्ट्रातील एक आद्य कलाशिक्षणसंस्था. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत स्थापना. लॉकवुड किपलिंग यांनी १८६५ पासून येथे वास्तुशिल्प शिकवले. क्रॉफर्ड मार्केटवरील उत्थित शिल्पे त्यांची आहेत. येथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. म. वि. धुरंधर, ग. का. म्हात्रे, वासुदेव गायतोंडे हे येथील नामवंत विद्यार्थी. २०२३ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

शालेय एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांमुळे गावोगावच्या मुलांना अशा संस्थांतील कलाशिक्षणाची वाट दिसते. सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे जे. जे.चे विद्यार्थी, मुंबई शेअर बाजारासमोरील ब्राँझचा बैल ही त्यांची प्रसिद्ध कृती.

सोलापूर जिल्ह्याची कला मात्र एका संस्थेत मावणारी नाही. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार म. फि. हुसेन (१९१५–२०११) मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत पुढे आले, १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सामील झाले आणि १९९१ मध्ये पद्मविभूषणाचे मानकरी ठरले. मोहोळ तालुक्यातील शिरापूरचे शशिकांत धोत्रे यांनी मुख्यतः स्वाध्यायाने काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींची वास्तवदर्शी शैली घडवली. ग्रामीण स्त्रीजीवन हा त्यांचा प्रमुख विषय. संस्थेची शिस्त, व्यवसायातील सराव आणि स्वाध्याय या तिन्ही वाटांनी या जिल्ह्याने भारतीय कलेला मोलाची भर घातली आहे.